पंधराची जोडी

पलंगाच्या काठावर बसून, पाय न उचलता, नुसतं पुढे वाकून उजवा मोजा घालायला गेलं की बोटं कुठे अडतात, हे ती रोज सकाळी बघायची. चांगल्या दिवशी मधलं बोट अंगठ्याच्या नखाला टेकायचं. बऱ्या दिवशी घोट्यापाशी थांबायचं. आज ते नडगीच्या मध्यावरच अडलं आणि कमरेत उजव्या बाजूला, मणक्यापासून दोन बोटं अंतरावर, ओळखीची कळ उठली. कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरून विझेपर्यंत ती हलली नाही. मग पाय वर घेतला आणि पाठ ताठ ठेवून, शाळेत निघालेल्या पोरासारखा मोजा चढवला.

"कुठवर?" स्वयंपाकघरातून नवऱ्यानं विचारलं.

"नडगी."

"वय झालं बाईसाहेब! बोटं आखूड झाली असतील." स्वतःच्याच विनोदावर तो खळखळून हसला. चहा मात्र आठवणीनं तिच्या हातात आणून दिला, कपाचा कान तिच्या बाजूला करून. तो असाच होता. बोलायचा असं की संताप यावा, आणि वागायचा असं की रागावता येऊ नये.

बाहेर सगळे त्याला सर म्हणायचे. व्यायामशाळेच्या दारातून आत पाऊल टाकलं की तीही सर म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे पहिल्यांदा आली तेव्हा तो तिचा कोच होता. पुढे नवरा झाला, पण कोचपण काही सुटलं नाही. संसार आणि वजन उचलायचा बार तिला एकाच गाठोड्यात मिळाले होते. त्यातलं एक बाजूला काढायचं तर गाठ कुठून सोडायची, हे तिला कधी कळलं नव्हतं.

एकदा सोडायची वेळ आली होती. चाळिशी उलटल्यावर तिचा खांदा निखळला. दुखतोय असं ती दोन आठवडे सांगत होती आणि तो "गरम झाला की जाईल" म्हणत होता. हात गळ्यात बांधून घरी बसल्यावर तिनं मनाशी एक वाक्य जुळवलं. ते म्हणायची संधी कितीदा तरी आली. पण प्रत्येक वेळी तो समोर भाजी निवडत बसलेला असायचा, नाहीतर तिच्या खांद्याला शेक द्यायला पिशवी भरत असायचा, आणि वाक्य गिळलं जायचं. गिळून गिळून ते तिला पाठ झालं होतं.

आता ती सत्तावन्न वर्षांची होती आणि अजून वजन उचलत होती. पदकासाठी नव्हे, पदकं केव्हाच कपाटाच्या वरच्या फळीवर गेली होती. वजन उचलून जमिनीवर परत ठेवलं की तिला आपलं शरीर आपलं वाटायचं, एवढं साधं कारण. जिन्याच्या कठड्याला ती हात लावत नसे. दुकानातल्या पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वाटून आणायची. रोज सकाळी घोटे फिरवायची, खुबे मोकळे करायची, दाराच्या चौकटीला लावलेल्या दांड्याला लोंबकळून पाठीचा कणा लांब सोडायची. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे बघून माझंच अंग दुखतं हो!"

गेल्या वर्षी कमरेच्या मणक्यांमधली एक चकती सरकली आणि सगळं थांबलं. महिनाभर ती नीट बसू शकली नाही. मग एक तरुण फिजिओथेरपिस्ट भेटली. मुलगी कमी बोलायची, पण मोजूनमापून. पाठ दुखते म्हणून पाठ वापरायचीच नाही, हे तिला मान्य नव्हतं. "उचला," ती म्हणाली. "पण मी सांगेन तेवढंच. एक किलोही जास्त नको. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तरच पुढची पायरी."

ही भाषा तिला कळत होती. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिनं सगळी नोकरी काढली होती. ठरलेली मात्रा, ठरलेली वेळ, मग निरीक्षण. एका बाटलीचं बूच सैल वाटलं म्हणून तिनं दिवसभराचे नमुने पुन्हा तपासले होते आणि वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पाठीच्या बाबतीत ती त्याहून काटेकोर झाली. सुरुवात रिकाम्या बारनं केली, मग वीस, मग तीस. मोजा दर आठवड्याला थोडा थोडा सोपा होत गेला.

पन्नासवर आल्यावर गाडी अडली. बार पंधरा किलोचा, दोन्ही बाजूंना पंधराची एकेक प्लेट आणि अडीचची एकेक: झाले पन्नास. जमिनीवरून उचलायचा, सरळ उभं राहायचं, परत ठेवायचा. तिच्या उमेदीच्या दिवसांत एवढं वजन हात गरम करायला घेत. आणि आता मंगळवार-शुक्रवारी ते उचललं की बुधवार-शनिवारी मोजा नडगीवर.

कुठेतरी पाणी मुरत होतं. तिनं एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. आधी गादी, मग उशी. मग बसायची खुर्ची, मग बुटांच्या टाचेची उंची. भांडी घासताना एक पाय पाटावर ठेवायला लागली. काही फरक नाही.

"मला जड लागतंय," ती व्यायामशाळेत म्हणायची.

"लागणारच," सर म्हणायचे. "वय काय कमी होतंय का? शरीराला सगळंच जड लागायला लागतं. तू फक्त हनुवटी आत घे, पोट घट्ट कर आणि उचल."

ती उचलायची. आणि हळूहळू तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडत चालला होता. ज्या हातांना कधीकाळी अर्ध्या किलोचा फरक डोळे मिटून कळायचा, त्यांना आता पन्नास किलो काय असतात तेही कळत नाही, असं ती स्वतःला समजावू लागली होती.

गेल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, रागावू नका. पण तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त उचलताय."

"नाही."

"जुने खेळाडू सगळे असंच करतात. मला फक्त खरं सांगा, मी ओरडणार नाही."

"मी खोटा आकडा सांगत नाही."

"सगळे असंच म्हणतात," ती पोर हसून म्हणाली. लेकीपेक्षाही लहान पोर! ऐकताना तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. उभ्या आयुष्यात तिला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तेव्हा आपल्या बाजूनं दाखवायला तिच्यापाशी काही नव्हतं. पाठ दुखत होती, एवढाच पुरावा, आणि तो तिच्याच विरुद्ध जात होता.

"या महिन्यातही असंच राहिलं तर बार बंद करू," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "कायमचा. मला धोका घ्यायचा नाही."

घरी आल्यावर लेकीचा फोन. "आई, पुरे ना गं आता. चालायला जा, पोहायला जा. बाबांचं काय जातंय? पाठ तुझी मोडतेय. त्यात ती ज्येष्ठांची स्पर्धा काय, तुझं नाव काय दिलंय त्यांनी!"

"कसली स्पर्धा?"

"म्हणजे तुला विचारलं नाही?"

विचारलं नव्हतं. संध्याकाळी तिनं विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "अगं, नाव देऊन ठेवलंय नुसतं. तुझी पाठ बरी झाली की तूच माझे आभार मानशील." आणि पंचांच्या शिबिराला जायची बॅग भरायला लागला.

तो आठवडाभर बाहेरगावी होता. मंगळवारी ती एकटीच व्यायामशाळेत गेली. स्टँडवरून प्लेटा एकेक करून, गुडघ्यात वाकून, छातीशी धरून आणल्या आणि बारला चढवल्या. पन्नास. उचलला. बार इतका सहज वर आला की ती चपापली. खाली ठेवून तिनं दोन्ही बाजूंच्या प्लेटांवरचे आकडे वाचले. बरोबर होते. बुधवारी सकाळी तिचं बोट अंगठ्याच्या नखाला लागलं. शुक्रवारी पुन्हा तेच, शनिवारी पुन्हा नखाला. तिला वाटलं, सर समोर नसले की मी ताणत नाही, खांदे कानांपाशी नेत नाही. दोष परत स्वतःकडेच घेतला. सवयच लागली होती तशी.

आणि काल मंगळवारी तो परत आला. काल त्यानं बार भरून दिला, काल तिनं उचलला, आणि आज बुधवारी मोजा नडगीवर.

चहा पिऊन झाल्यावर ती बराच वेळ कप हातात धरून बसली. गादी तीच, बूट तेच. काल आणि गेल्या मंगळवारात एकच फरक होता. बार भरणारे हात वेगळे होते.

संध्याकाळी ती व्यायामशाळेत गेली. बुधवारी ती कधी जात नसे, त्यामुळे कुणी तिची वाट बघत नव्हतं. हॉलमध्ये नेहमीचा रबराचा आणि खडूच्या पुडीचा वास होता. पोरं पलीकडच्या टोकाला बैठका मारत होती. भिंतीशी बाकावर म्हातारा वेल्डर दोन्ही पाय लांब करून बसला होता. तो सरांच्या बरोबरीचा, एके काळचा भारी खेळाडू. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून तो नुसता गप्पा मारायला यायचा. सर ऑफिसात कुणाशी फोनवर बोलत होते.

तिची पंधराची जोडी हॉलमधल्या सरांच्या टेबलाशेजारी एका उंच स्टुलावर ठेवलेली असायची. "तुला वाकायला नको," तो म्हणायचा. "तुझी जोडी वेगळी काढून ठेवलीय. चढवायची मी, उतरवायची मी. तू फक्त उचल." तिला ते आवडायचं. किती काळजी घेतो, असं ती शेजारणीला सांगायची. तो बाहेरगावी होता तेव्हा स्टूल रिकामं होतं, म्हणून तिनं स्टँडवरच्या प्लेटा घेतल्या होत्या.

तिनं स्टुलावरची एक प्लेट उजव्या हातात घेतली. मग चालत स्टँडपाशी जाऊन तिथली पंधराची दुसरी प्लेट डाव्या हातात घेतली. हात सरळ खाली सोडून हॉलच्या मधोमध उभी राहिली.

तिचा उजवा खांदा खाली गेला.

प्लेटांची अदलाबदल केली. आता डावा खांदा खाली गेला. दोन्हींवर पंधराचा आकडा, दोन्ही काळ्या रंगाच्या, दोन्ही सारख्या जुन्या दिसणाऱ्या. तळपायापासून काहीतरी गरम वर चढू लागलं. ते मस्तकात पोचायच्या आधी तिला आकडा हवा होता. कोपऱ्यात खेळाडूंची वजनं करायचा काटा होता. त्यावर तिनं स्टँडवरची प्लेट ठेवली. पंधरा. ती काढून स्टुलावरची ठेवली. साडेसतरा. स्टुलावरची दुसरी आणून ठेवली. साडेसतरा.

पन्नास नव्हेत, पंचावन्न. इतके आठवडे ती पंचावन्न उचलत होती.

"अरेरे, वहिनी, सापडली वाटतं!" वेल्डर बाकावरून हसत ओरडला. "सरांना म्हटलं होतं मी, वहिनींच्या हाताला कळेल म्हणून!"

ती वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, ती जोडी कुणाला ठाऊक नाही! आमची अख्खी पिढी तिच्यावर वाढली. माणसाला भीती आकड्याची असते, वजनाची नसते. म्हणून आकडा कमी दाखवायचा. मागच्या खळग्यात शिसं मीच ओतलंय. सफाई बघा, रंगाखाली हात फिरवला तरी कळायचं नाही."

तिला ती जोडी आठवली. तेवीस-चोवीस वर्षांची असताना सरांनी ती तिच्यावरही चालवली होती. तिनं आयुष्यातलं सगळ्यात मोठं वजन उचललं आणि मग सगळे हसून सांगायला लागले की तू समजत होतीस त्याहून जास्त होतं. तेव्हा तीही हसली होती, टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा तिची पाठ तरुण होती आणि खेळ स्पर्धेचा होता. मोडलेली पाठ एकेक किलोनं सांधणाऱ्या बाईवर तीच युक्ती चालवावी, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटू नये!

"तुमचे गुडघे कुठल्या जोडीनं गेले?" तिनं विचारलं.

वेल्डर हसायचा थांबला. त्यानं उगाच पाय जवळ घेण्याचा प्रयत्न केला, पण ते पूर्ण वाकेनात.

ऑफिसचं दार उघडून सर बाहेर आले. काट्यावरची प्लेट बघितली, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक उमटलं. "सापडली होय! बरं झालं. नाहीतरी स्पर्धेच्या दिवशी सांगणारच होतो. बघितलंस? तुला वाटत होतं पन्नास, आणि तू पंचावन्न उचलतेस! सत्तावन्नाव्या वर्षी! मी म्हणत नव्हतो, भीती सगळी डोक्यात असते?"

"मी म्हणत होते की जड लागतंय."

"हो, पण..."

"दर वेळी म्हणत होते. तुम्ही काय म्हणायचात?"

सरांनी पलीकडच्या पोरांकडे नजर टाकली. पोरं बैठका थांबवून इकडे बघत होती. "अगं, हळू."

"वय झालं म्हणायचात. माझे हात बरोबर सांगत होते. माझी पाठ बरोबर सांगत होती. आणि तुम्ही मला रोज सांगत होतात की मी म्हातारी झालेय म्हणून मला कळत नाही. मी स्वतःची गादी बदलली, खुर्ची बदलली. ती पोर मला तोंडावर खोटारडी म्हणाली आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिथून घरी आल्यावर तुम्ही मला चहा करून दिलात. आठवतं?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी!"

"माझ्या भल्याचा आकडा मला माहीत नको?"

"तू ना, उगाच प्रयोगशाळेतलं इथे आणतेस. खेळ असा मोजून होत नाही. विश्वास लागतो कोचवर."

"विश्वास होता म्हणून तर फसले. दुसऱ्या कुणी बार भरला असता तर मी पहिल्याच दिवशी प्लेट काट्यावर ठेवली असती."

लांबच्या टोकाला एका पोरानं बार अगदी अलगद स्टँडवर टेकवला, आवाज होऊ नये म्हणून. सरांनी मानेमागून हात फिरवला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला ही खूण ठाऊक होती. आता तो मऊ होणार.

"बरं, चल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "इथे तमाशा नको. घरी बोलू."

घरी गेल्यावर काय होणार हे ती डोळ्यांपुढे बघू शकत होती. तो शेकाची पिशवी भरेल. उशी तिच्या गुडघ्यांखाली सारेल. एखादा विनोद करेल आणि तिला नको असताना हसू येईल. उद्या सकाळी कपाचा कान तिच्याकडे असेल. आणि महिनाअखेर ती बार कायमचा सोडून देईल, लेक म्हणेल सुटलीस एकदाची, आणि तो चारचौघांत हळहळेल की हिच्यात अजून किती दम होता, वयानं घात केला.

"घरी नाही," ती म्हणाली. "इथेच."

"बरं बाई, चुकलं माझं. झालं? ही जोडी आजच फेकून देतो. उद्यापासून खऱ्या प्लेटा लावतो तुला, काट्यावर ठेवून दाखवून लावतो, मग तर झालं? तू फक्त वाकू नकोस, मी सगळं चढवून देत जाईन. आणि स्पर्धेला अजून वेळ आहे, आपण पन्नासपासून नव्यानं..."

तो बोलतच होता. तिनं काट्यावरची प्लेट दोन्ही हातांनी उचलली आणि गुडघ्यांत वाकून जमिनीवर ठेवली. पाठीनं तक्रार केली, पण तिच्या मर्जीबाहेर नाही. उठून उभी राहिली तेव्हा तो अजून तारखा आणि किलो मोजत होता, आणि त्या मोजणीत कुठेही 'तुला काय वाटतं' असा प्रश्न नव्हता.

"ऐका," ती म्हणाली.

तो थांबला. बाकावरचा वेल्डरही सावरून बसला.

"स्पर्धेतून माझं नाव काढा, उद्या नाही, आत्ता, त्या फोनवरून. बार मी सोडणार नाही. मंगळवार-शुक्रवारी येईन, माझ्या प्लेटा मी आणेन, मी चढवेन, मी उतरवेन, आणि किती उचलायचं ते ती मुलगी आणि मी मिळून ठरवू." वाक्य इतकं जुनं होतं की बाहेर पडताना घसा खरवडत आलं, पण शब्द सगळे जागेवर होते. "नवरा म्हणून तुम्ही आहातच. पण यापुढे माझे कोच तुम्ही नाही."